बियाच्या ओळीतला भाडेकरू

मी बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, चष्मा पुसलात तरी मी दिसायचा नाही. समोर बांधावर कोथिंबिरीचं एक रोप उपटून टाकलेलं आहे ना, मुळं उघडी, पानांनी मान टाकलेली? त्या रोपात मी आहे. म्हणजे अजून तरी आहे. ऊन डोक्यावर आलं की माझं काही खरं नाही. तुम्हाला सवड असेल तर इथंच बांधावर टेका. मला सवड नाही, पण सांगण्यासारखं बरंच आहे.

मी विषाणू, कोथिंबिरीचा. लगेच तोंडाला रुमाल लावू नका. माणसांशी माझं काही देणंघेणं नाही. माझी वस्ती असलेली कोथिंबीर तुम्ही वरणावर घालून खाल्लीही असेल, आणि आज वास जरा कमी आहे एवढंच म्हणून हात धुतला असेल. तिकडे नवापूरकडे कोंबड्यांच्या शेडवाल्यांना घाम फोडणारे आमचे काही भाऊबंद आहेत, पण त्यांच्याशी आमचं जाणंयेणं नाही. मी शुद्ध शाकाहारी.

कॉलेजच्या पुस्तकात माझं नाव इंग्रजीत आणि भलतंच लांब आहे. शेतकरी मला सरळ केवडा म्हणतात. मी शिरलो की पानं कुठं हिरवी, कुठं पिवळी अशी चट्ट्यापट्ट्यांची होतात, म्हणून. ज्याच्यामुळे कोथिंबिरीचा वास जातो त्याला एवढं सुवासिक नाव देणारी माणसं मला आवडतात.

मला जन्मतारीख नाही. आमच्यात बाळंतपण नसतं, छापखाना असतो. रोपात शिरायचं, त्याचंच यंत्र, त्याचीच शाई, त्याचाच कागद वापरायचा आणि स्वतःला छापत सुटायचं. त्यामुळे मी 'मी' म्हणतो तेव्हा नक्की कितवा मी, ते मलाही सांगता येणार नाही. ओळीतला तोही मीच, डब्यातला तोही मीच. बोलण्याचालण्यावरून मध्यमवयीन समजा. गुडघे नाहीत म्हणून ते दुखत नाहीत, एवढाच काय तो फरक.

मी जिवंत आहे की नाही यावर मोठमोठ्या माणसांत वाद आहे म्हणतात. रोपात असलो की जिवंत, बाहेर पडलो की धूळ. उद्या जनगणनेवाला आला तर बिचारा माझ्यापुढं काय लिहील कुणास ठाऊक.

पाय नाहीत, पंख नाहीत. माझी गाडी म्हणजे मावा. हो, तोच, पानाखाली चिकटून बसणारा हिरवा बारीक किडा. मी तिला मावशी म्हणतो, कारण हिवाळ्यात पाहाल तेव्हा ती बाईच असते, नवऱ्याचा पत्ता नसतो, आणि तिला मुली होतात त्याही दिवस गेलेल्याच होतात. माणसांकडे एका बाळंतपणाला केवढी धावपळ. मावशीकडे ना डोहाळे, ना सुईण.

मावशीचं तोंड सुईसारखं. मोलगीच्या बाजारात तुम्ही अशी बाई पाहिली असेल, जी शेंगांच्या प्रत्येक पाटीतली एकेक शेंग फोडून चाखत जाते, घेत काहीच नाही, आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिचं पोट भरलेलं असतं. मावशी तशी. रोपावर उतरायचं, सुई टोचायची, घोटभर चाखायचं, नाक मुरडायचं, पुढचं रोप. त्या एका घोटात मी सुईच्या टोकाला चिकटतो आणि पुढच्या घोटात उतरतो. तिला पत्ताही नसतो की आपण कुणाला घेऊन फिरतोय.

असा मी कुठंकुठं हिंडलो म्हणून सांगू. वाऱ्यावर बसून तापी ओलांडली. तोरणमाळचं तळं वरून पाहिलं, तिथल्या एका माशानं माझ्याकडे बघून शेपटी हलवली. सुरतेला तर भाजीमार्केटात मुक्कामच होता, तिथं लोक ढोकळ्यावर कोथिंबीर इतकी बारीक चिरून टाकतात की मला घरात बसायला जागा उरेना. काही शहाणे म्हणतील, मावशीच्या सुईवर हा फार तर काही तास टिकतो, मग सुरतेला गेला कसा? आता प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागायचा म्हटलं तर गप्पा मारायच्या कुणी?

पण मंगलाबाईंच्या वाफ्यात मी कसा आलो, ते मात्र अगदी खरं सांगतो.

लोणखेड्याच्या पुढं रस्त्याला लागून शांतीलाल पाटलांचं शेत आहे. घरही शेतातच. केळी, ऊस, कापूस हे शांतीलालभाऊंचं राज्य. फक्त विहिरीजवळचा, केळीच्या सावलीला लागलेला लहानसा तुकडा त्यांच्या बायकोचा, म्हणजे मंगलाबाईंचा. तिथं दुसरं काही पेरायचं कुणी बोललंसुद्धा नाही. तिथं कोथिंबीर, आणि तीही गावठी. बुटकी, बारीक पानाची, दिसायला काही विशेष नाही. पण एक जुडी पिशवीत घालून तुम्ही गल्लीतून गेलात तर शेवटच्या घरातली सासू सुनेला विचारणार, आज कोणाकडे डाळ शिजतेय?

या कोथिंबिरीचं बी मंगलाबाईंनी माहेराहून आणलं होतं, आणि त्यांच्या आईनं तिच्या माहेराहून. त्यांच्यात तशी रीत होती. लेक पहिलं बाळ घेऊन सासरी परत निघाली की ओटीत नारळ, तांदूळ, खण, आणि आईच्या हातचे धणे. हे धणे खायचे नाहीत, सासरी पेरायचे. मग ते तिचे होतात.

त्यासाठी मंगलाबाई दर हिवाळ्यात पहिल्या वाफ्याच्या कडेची एक ओळ राखायच्या. ती बियाची ओळ. दोन्ही टोकांना लाल दोरा बांधलेला. त्या ओळीतलं पान तोडायचं नाही, तिला विळा लावायचा नाही, शांतीलालभाऊंनीसुद्धा ती ओलांडायची नाही, वळसा घालून जायचं. वाफ्यातली सगळी कोथिंबीर उपटून शहाद्याला गेली तरी ही ओळ आपली डुलत उभी, फुलं येईपर्यंत, धणे भरेपर्यंत.

यंदा त्या ओळीकडे त्यांचं जास्तच लक्ष होतं. त्यांची एकुलती लेक प्रतिभा सुरतेहून पहिल्या बाळंतपणाला आली होती. परत जाताना तिच्या ओटीत याच ओळीचे धणे जायचे होते.

आणि नेमका मी आलो. शेजारच्या एका सोडून दिलेल्या गाजराच्या वाफ्यात माझा मुक्काम होता. दिवाळीनंतर तिथं मावशीच्या मुलीबाळींची इतकी गर्दी झाली की काहींना पंख फुटले. एका सकाळी वारा आला, एक मावशी उडाली आणि वाफ्याच्या कडेला जे पहिलं, सगळ्यात उंच, सगळ्यात टवटवीत रोप दिसलं त्यावर उतरली. कडेला कोणती ओळ होती, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी आत गेलो. घर सुरेख होतं हो. मी बऱ्याच रोपांत राहिलोय, पण त्या ओळीतल्यासारखा वास कुठं नाही. भाडं द्यायची माझी ऐपत नाही, आणि राहायची एकच पद्धत मला येते. ज्या घरात राहायचं, त्याच्याच विटा काढून खायच्या. दुसरं काही मला कुणी शिकवलं नाही.

सुरुवातीला कुणाला काही कळलं नाही. पानं हिरवीगारच होती. शहाद्याचे अनीसमियाँ रोज सकाळी छोटा टेम्पो घेऊन माल न्यायला यायचे. जुड्या मोजून झाल्या की मंगलाबाई एक जुडी जास्तीची उपटायच्या, मुळांना माती तशीच ठेवून, आणि ती मोजायच्या नाहीत. ती घरची जुडी, अनीसमियाँच्या बायकोसाठी, सुरैय्यासाठी. दोघी भेटल्या असतील लग्नाकार्यात, एवढीच ओळख. पण घरची जुडी चुकली नाही. एके दिवशी ती जुडी बियाच्या ओळीला लागून असलेल्या रोपांतून उपटली गेली. त्यात एका रोपात मी होतो. पुढं इतकं काही झालं की ती जुडी मी विसरूनही गेलो. तुम्ही विसरू नका.

मग थंडी वाढली आणि पानं बोलायला लागली. आधी शिरा फिक्या, मग पिवळे चट्टे, मग पानं आखडून घेतलेली. अनीसमियाँनी जुडी हातात धरून उलटीसुलटी केली.

"भाभी, पानं जराशी पिवळी दिसी ऱ्हायनात."

"थंडी शे भाऊ," मंगलाबाई म्हणाल्या, "माणसं बी पिवळी पडतस."

अनीसमियाँ हसले, माल घेऊन गेले. पण दुसऱ्या दिवशी जुड्या परत आल्या. बाजारात गिऱ्हाइकानं नाक मुरडलं होतं. परत आणताना अनीसमियाँनाच ओशाळल्यासारखं झालेलं. टेम्पोतून उतरलेच नाहीत.

शांतीलालभाऊंना पानाखाली मावा दिसला आणि त्यांचा उत्साह वाढला. दिसणारा शत्रू सापडला की पुरुषमाणसाला फार बरं वाटतं. पाठीवर पंप घेतला, डोक्याला फडकं गुंडाळलं, आणि वाफा असा भिजवला की बेडूकसुद्धा बाजूला झाले. आता गंमत ऐका. औषध अंगावर पडलं की मावशी जागच्या जागी मरत नाही. आधी ती बावचळते. उठते, पळत सुटते, वाटेत येईल त्या रोपात सुई टोचून बघते की इथं तरी बरं आहे का, आणि मग मरते. एरवी मला त्या वाफ्यात पसरायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा काही लागला नाही. शांतीलालभाऊंनी मला घरपोच नेऊन सोडलं.

मेलेला मावा दाखवायला त्यांनी बायकोला बोलावलं. मंगलाबाईंनी पान उलटं केलं, सुलटं केलं.

"मावा मरी गया, मंग पानं हिरवी काब्र नही व्हयनात?"

या 'का'वर शांतीलालभाऊंनी पंप धुवायला घेतला.

खरी चूक त्यानंतर झाली, आणि ती फक्त मंगलाबाईंसारख्या जीव लावणाऱ्या माणसांच्याच हातून होऊ शकते. मंगलाबाईंनी पिवळा वाफा उपटला. सगळा. मुळासकट, निष्ठुरपणे. शेजारी नवा वाफा केला, घरातले राखीव धणे काढले, रगडून दोन फाका केल्या आणि पेरले. पण बियाच्या ओळीला हात लावला नाही. ती कशी उपटायची? तिच्यात पान तोडत नाहीत, तर रोप कसं उपटणार? आणि मी बसलो होतो त्या ओळीतच, लाल दोऱ्याच्या बंदोबस्तात. नव्या वाफ्यात दुसरं पान फुटायचा अवकाश, की मावशी ओळीतून उठायची आणि तिकडे चाखायला जायची. तो वाफा पिवळा पडला, त्यांनी उपटला. पुन्हा पेरला. मी पुन्हा गेलो. असं करत करत घरातले धणे संपले.

तिकडे घरात प्रतिभाला संक्रांतीच्या सुमारास मुलगी झाली. मंगलाबाई रात्री नातीला मांडीवर घेऊन बसायच्या आणि सकाळी ओळीत येऊन बसायच्या. दोन्हीकडे चेहरा तोच, पण हात वेगळे. नातीला थोपटणारा हात ओळीत आला की नुसता पानांवरून फिरायचा, घाबरत घाबरत. मला तो हात कळायचा. मी काय करणार होतो? छापखाना बंद करायची कळ माझ्याकडे नाही. असती तर त्या दिवसांत मी एकदा तरी दाबून बघितली असती असं मला वाटतं. अर्थात नसलेल्या कळीबद्दल काहीही बोलता येतं.

मग एक दिवस शेजारच्या शेतातली मोहिनी आली. लोणखेड्याच्या कॉलेजात शेतीचं शिकते. तिच्या वडिलांचा कोथिंबिरीचा वाफाही पिवळा पडायला लागला होता, म्हणून ती पानं कॉलेजात दाखवून आली होती. तिनं बांधावर उभं राहून सगळं नीट सांगितलं. हा विषाणू आहे, याला औषध नाही, फवारून उलट वाढतो. तो फक्त जिवंत रोपात जगतो. आसपासची सगळी कोथिंबीर, गाजर, शेपू काढून टाकायची, होळी होईस्तोवर कुणी काही पेरायचं नाही. राहायला घरच मिळालं नाही की तो संपतो. स्वतःची कुंडली दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कसं वाटतं ते मी त्या दिवशी अनुभवलं. पोरीनं एक अक्षर चुकीचं सांगितलं नाही.

मंगलाबाईंनी मान हलवली. मग मोहिनीनं बोट केलं.

"काकी, हाई ओळ बी उपटनी पडी."

"बियानी ओळ शे ती. तिले कोनी हात लावस नही."

"तठेच त बठेल शे तो."

हा 'तो' म्हणजे मी. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी पहिल्यांदाच बोट दाखवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला मान वर करवेना.

मंगलाबाईंनी विचारलं, बियातूनही तो जातो का? मोहिनी म्हणाली नाही, बियात तो शिरत नाही, बी भरलेलं असेल तर खुशाल ठेवा. मंगलाबाईंनी ओळीतला एक घोस तोडला. पहिल्यांदाच. हिरवे धणे दाताखाली धरले, चावले. पोकळ. दुसरा घोस, तोही पोकळ. रोपं आतून मी खाल्ली होती, धणे कशानं भरणार?

मोहिनी गेली तरी त्या तिथंच बसून होत्या. मग उठल्या, दोन्ही टोकांचा लाल दोरा सोडला, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला बांधला, पदर खोचला आणि ओळ उपटली. शांतीलालभाऊ लांबून बघत होते. मदतीला आले, पण सवयीनं ओळीला वळसा घालून आले. ते पाहून मंगलाबाई पहिल्यांदा रडल्या.

ढीग पेटला, त्यात हजारो 'मी' होते. तो धूर कोथिंबिरीच्या वासाचा होता की माझ्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर मग मी इथं कसा? घरची जुडी. आठवली ना?

सुरैय्याबेननी त्या दिवशी जुडीतली निम्मी कोथिंबीर वापरली आणि मुळांना माती होती म्हणून उरलेली रोपं तेलाच्या कापलेल्या डब्यात लावून गच्चीवर ठेवली. रमझानमध्ये कामाला येईल म्हणून. त्यांत एका रोपात मी. गच्चीवर वारा जोराचा, आणि त्या रोज सकाळी पानांवर पाण्याचे हबके मारायच्या, त्यामुळे मावशी तिकडे फिरकली नाही. शेजारची रोपं वीतभर अंतरावर, निरोगी, वासानं भरलेली. जायला गाडी नाही. तोरणमाळचं तळं बघून आलेला मी एका डब्यात वीतभर जागा ओलांडू शकलो नाही. रमझान सुरू झाला. संध्याकाळी भज्यांवर, चण्यांवर घालायला त्या खालची चार पानं खुडायच्या. ऊन वाढलं तशी रोपं उंच गेली, पांढरी फुलं आली. त्यांनी ती तोडली नाहीत. चांगली दिसतात म्हणाल्या.

शेतातलं सगळं मला तिथं कळायचं, कारण अनीसमियाँ रोज गच्चीखालच्या अंगणात रोजा सोडताना घरी सांगायचे. पानं कशी हिरवी-पिवळी झाली, भाभींनी ओळ कशी उपटली. एकदा त्यांनी शहाद्याच्या बाजारातली एक जुडी विकत घेऊन मंगलाबाईंना नेऊन दिली होती, घरची जुडी उलटी. मंगलाबाईंनी तिचा वास घेतला आणि तशीच स्वयंपाकघरात नेली. ते सांगताना अनीसमियाँच्या हातातला खजूर हातातच राहिला.

आणि एके संध्याकाळी त्यांनी सांगितलं की पाडवा झाला की प्रतिभा सुरतेला जाणार. मंगलाबाई लेकीला म्हणाल्या होत्या, "माय, बी नही मन्हापान. खाली वटी भरस तुन्ही." प्रतिभा म्हणाली, "मम्मी, बजारना धणे टाकी दे. कोणले समजनार शे?" मंगलाबाई म्हणाल्या, "माले समजी."

सुरैय्याबेननी भांडी तशीच ठेवली आणि गच्चीवर आल्या. डब्याजवळ बसल्या. एक घोस तोडून तळहातावर चोळला, हुंगला. धणे पिकत आले होते, टपोरे, भरलेले. खाली नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, "अजी, ये तो उन्हीच की है."

ईद झाली आणि आज सकाळी ते दोघं आले. प्रतिभाच्या सासरची गाडी रस्त्यावर उभी. बाळ कुणाच्यातरी खांद्यावर झोपलेलं. सुरैय्याबेनच्या एका हातात शीरखुर्म्याचा डबा, दुसऱ्यात तेलाचा. तेलाचा डबा त्यांनी इथं, या बांधावर ठेवला.

"ले बेन. तुन्ही बियानी ओळ, डबामा."

मंगलाबाईंना आधी समजलंच नाही. मग वास आला. त्या खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी डबा धरला, आंघोळ घातलेल्या पोराला धरतात तसा.

आणि मग त्यांची नजर माझ्यावर आली. डब्याच्या कोपऱ्यातलं रोप, आखडलेलं, चट्ट्यापट्ट्यांचं. त्यांचे हात थांबले. बांधाच्या पलीकडे मोहिनीच्या वडिलांनी होळीनंतर पेरलेली कोथिंबीर दोन पानांवर आली होती, स्वच्छ हिरवी. वारा तिकडेच वाहत होता. आणि तेवढ्यात, काय सांगू, पंखांची एक मावशी येऊन माझ्याच पानावर बसली. इतके दिवस गच्चीवर जिची वाट पाहिली, ती आज आली. पाय झाडले, सुई काढली.

मंगलाबाईंना सगळं कळत होतं. पण ईदच्या पाठोपाठ कुणी इतक्या मायेनं आणलेलं, इतके दिवस पाणी घालून जपलेलं रोप तिच्यादेखत उपटायचं कसं? त्यांनी डबा हळूच फिरवला. पिवळी बाजू आपल्याकडे, हिरवी बाजू पाहुणीकडे. शांतीलालभाऊ काहीतरी बोलणार होते, मंगलाबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. ते विहिरीकडे बघू लागले.

सुरैय्याबेननी ते फिरवणं पाहिलं. त्या वाकल्या, पलीकडून बघितलं. गच्चीवर उन्हानं पिवळं पडलं असं समजून सोडून दिलेलं पान म्हणजे रोज रोजा सोडताना ऐकलेलं पानच होतं.

"हाईच का ती पिवळी?"

मंगलाबाईंनी डबा परत होता तसा फिरवला.

"मन्हा हातनी लायेल शे," सुरैय्याबेन म्हणाल्या, "मीच काढस. तू बी ले आधी."

मंगलाबाईंनी पदर पसरला. सुरैय्याबेननी एकेक घोस खुडून त्यात टाकला. सगळ्या रोपांचे झाले. माझ्या रोपालाही थोडे धणे होते, बारीक, पण पोकळ नव्हते. मी उशिरा पसरलो होतो त्यात. सुरैय्याबेनचा हात तिथं अडखळला. मंगलाबाई म्हणाल्या, "टाक. बियामा तो जास नही. मोहिनीनी सांगेल शे."

मग सुरैय्याबेननी रोप मुळाशी धरलं आणि ओढलं. मावशी पडली, धुळीत कुठं गेली कळलं नाही. तिचं चाखायचं राहून गेलं. माझ्यापाठोपाठ त्यांनी बाकीची रोपंही उपटली, हिरवी होती तीसुद्धा. मंगलाबाई नको नको म्हणत होत्या. त्यांनी ऐकलं नाही. डबा रिकामा करून उलटा आपटला, माती झटकली आणि म्हणाल्या की आता घरची जुडी पावसाळ्यानंतर, तोवर शीरखुर्मा खा.

मंगलाबाईंनी मोटारीच्या पेटीचा लाल दोरा सोडून आणला. थोडे धणे स्वतःसाठी ठेवले, बाकीच्यांची पुरचुंडी त्या दोऱ्यानं बांधून प्रतिभाच्या ओटीत घातली. मग काय झालं कुणास ठाऊक, पुन्हा सोडली, चार धणे काढले, सुरैय्याबेनच्या ओढणीच्या टोकाला गाठ मारली आणि मगच दुसऱ्यांदा बांधली. प्रतिभाचा नवरा गाडीतून हॉर्न वाजवत होता. त्याला कुणी विचारलं नाही.

गाडी गेली. आता नवापूर, मग सुरत. तिथं म्हणे चौथ्या मजल्यावर सज्जा आहे, प्रतिभा त्यात डबे ठेवणार.

माझं आता होत आलं. पानाच्या कडा वाळल्यात, छापखान्यात शाई उरली नाही. वाईट वाटतं ते मरणाचं नाही. मी मरतो म्हणजे काय, हा वादाचाच विषय आहे. वाईट वाटतं ते एवढ्याचं की ज्या रोपाच्या पोटात मी राहिलो, त्याच्या धण्यांना मी कधी आतून पाहिलं नाही. दार बंदच असतं तिथलं. त्या बंद दारामागून मंगलाबाईंच्या आईची कोथिंबीर माझ्यादेखत, माझ्याच घरातून, माझ्याशिवाय निघून गेली. आणि मला बरं वाटलं. विषाणूला बरं वाटतं का, हे तुमच्या मोठ्या माणसांना विचारा.

जाता जाता एक मागणं आहे. जुड्या मोजून द्याल त्या द्या, पण एक न मोजता देत जा, मुळांना माती ठेवून. माझ्यासाठी म्हणत नाही. म्हणजे थोडं माझ्यासाठीही म्हणतो, पण तेवढं सोडून द्या.

ऊन आलंच. त्या धण्यांना एक सांगायचं राहिलं. सुरतेत शिरलं की भाजीमार्केट डाव्या हाताला लागतं. माझं पाहिलेलं आहे.